वांडालांचे वकील

आमच्या अमरावतीच्या कापूसपेढीतले दुभाषीबुवा नव्या इंग्रजी शब्दाचा आधी अर्थ विचारत नसत, कूळ विचारत. अनोळखी पाहुण्याला विचारावं तसं, "कोन्या गावचा? कोनाचा?" उत्तर मिळेपर्यंत ओट्यावर येरझारा चालत. शेजारी बसून कागदांच्या नकला उतरणाऱ्या मला पाहूनच भोवळ यायची.

दिवसही तसेच होते. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि जो तो धावत सुटला होता. गासड्यांना छप्पर पुरेना, म्हणून पावसाळ्यात आमच्याच पेढीनं गासड्या पातूरच्या जुन्या लेण्यांत भरल्या. दारातून जाईनात, तेव्हा गाडीवानांनी पहारीनं एक खांब फोडला.

दिवाळीनंतर पेढीचे इंग्रज साहेब बुवांना घेऊन तिथे गेले. फुटका खांब पाहून भडकले. बुवांनी चौकशी करून खरं काय ते सांगितलं, पण पेढीचं नाव खराब कोण करून घेणार? लेण्यांखाली माळ्यांचे वांग्या-मिरच्यांचे मळे होते. साहेबांनी सरकारात अर्ज लिहिला: पातूरचे माळी म्हणजे निव्वळ वांडाल, त्यांना तिथून उठवावं.

बुवांनी कूळ विचारलंच. साहेबांनी खुशीत सांगितलं, वांडाल हे फार जुने लोक. त्यांनी रोम शहर लुटलं, म्हणून पुढे चांगल्या वस्तूची नासधूस करणाऱ्या कुणालाही इंग्रजीत वांडाल म्हणू लागले.

बुवांचं अन्नपाणी गेलं. मला म्हणाले, "भाऊ, त्या लोकायत कोनी कांदे लावत नसन काय? साऱ्या जमातीच्या नावाची शिवी करून टाकली. रोमवाल्यायनं सांगतलं, वांडालायले कोनी इचारलंच नाई."

अर्जावर साक्षीदार म्हणून बुवांची सही हवी होती. ते म्हणाले, "मी पायलं ते लिवा, मंग करतो." त्याच दुपारी त्यांना घरी बसवलं. अकोल्याला भाच्याकडे निघाले तेव्हा मी वेशीपर्यंत गेलो. ते म्हणाले, "अक्षर चांगलं हाये तुयं. पन जे पायलं नाई, त्याच्याखाली नाव नोको लिवू."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी पातूर पाहिलंही नव्हतं. नोकरीच्या भीतीनं सही केली, आणि त्याची लाज अजून जात नाही.

माळ्यांचे मळे गेले. पुढे पेढीत दौत फुटली, कुलूप मोडलं, की साहेब विचारत, "कोण माळी आला होता?" सगळे हसत. पहिल्यांदा मी मान खाली घातली. नंतर मीही हसू लागलो.