सुधाकर पैसे भरून शोधतो

गांधीबागेच्या कापडबाजारात दुकानाच्या गादीवर बसलं की मालापेक्षा किस्से जास्त साठतात. माझ्याकडचा हल्लीचा सगळा साठा शेजारच्या सुधाकरचा. आमची भिंत एक, धंदा एक. त्यानं नेटवर शोधायचे दरमहा पैसे भरायला घेतले आणि माझी झोप उडाली. पारशिवनीचे केशवराव शाळांच्या गणवेशाचं कापड माझ्याकडून नेतात, माझा हंगाम त्यांच्यावर उभा आहे. उद्या यानं काही शोधून त्यांना ओढलं तर?

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "फुकट मिळते ते विकत काहून घेतो गा?"

"भाऊ, यात जाहिराती येत नाहीत."

"मले आवडतात जाहिराती," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग एका रिकाम्या दुपारी पैज लागली. दोघांनीही अस्तराची गिरणी शोधायची. त्याला लगेच गिरण्यांचे फोन मिळाले. मला आधी पडदे, मग सोफा कव्हर, मग वधू-वर मंडळ. पुढं कित्येक दिवस माझा मोबाईल मला स्थळं दाखवत होता. बायकोनं पाहिलं. "कोणासाठी पाहून राहिले?"

तिलाच विचारलं, आपणही पैसे भरावे का? ती म्हणाली, "तुम्ही शोधताच काय? सुधाकरभाऊजी काय करून राहिले, तेच. ते तं दारातून फुकट दिसते."

आता यंदाचं सांगतो. आमच्याकडे रीत अशी, की माल नसला तर गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, मागच्या दारानं शेजाऱ्याचा तागा आणायचा आणि आपला म्हणून दाखवायचा. सुधाकरनं आणि मी वर्षानुवर्षं असंच केलं.

केशवराव आले. शाळेनं गणवेशाची चौकडी बदलली होती. त्यांनी नमुना गादीवर ठेवला. माझ्याकडे ती नव्हती. मागच्या दाराकडे नजर गेली, पण म्हटलं, मेलो तरी यंदा त्याला मागणार नाही.

"बसा, थेट गिरणीतूनच काढतो," म्हणत मी चौकडीचं वर्णन मोबाईलमध्ये टाकलं आणि तो ऐटीत त्यांच्यासमोर धरला.

सगळ्यात वर जाहिरात. तीच चौकडी, ताग्याचा फोटो, खाली सुधाकरच्या दुकानाचं नाव.

केशवरावांनी चष्मा लावला. "हे तं बाजूचंच दुकान आहे गा." चहा संपवला, नमुना उचलला, चपला घातल्या.

संध्याकाळी मी सुधाकरला गाठलं. "तुले तं जाहिराती नको होत्या ना?"

"पाहायले नको, भाऊ," तो म्हणाला. "दाखवायले पाहिजे."