क्रिसोफोरोची हजेरी

बेटाची बोट सुटते त्या धक्क्यालगत ओब्दूलियाबाईची गाडी आहे. मक्याच्या जाड भाकरीत घेवडा नि मिरची भरून विकते. तिथला तुरुंग बंद पडल्यापासून त्या बेटावर लोक हौसेने जातात, टोप्या घालून, फोटो काढायला. त्यातला एखादा दीडशहाणा हमखास विचारतो, "मावशी, तुम्हीपण होतात म्हणे तिथे? गुन्हा काय केला होतात?"

"लग्न," ती म्हणते.

लोक हसतात. ती हसत नाही.

तिच्या नवऱ्याने, क्रिसोफोरोने, एका लग्नाच्या नाचात दारूच्या तारेत सुरा चालवला आणि समोरचा जागीच गेला. त्याची रवानगी बेटावर झाली. तिथे भिंती नव्हत्या, चहूबाजूंनी समुद्र असल्यावर भिंत हवी कुणाला! एकट्या माणसांना बराकी, ढेकणांनी भरलेल्या. पण ज्याची बायको येऊन राहील त्याला दोन खोल्या आणि अंगण. बायको निघून गेली की गडी पुन्हा बराकीत. क्रिसोफोरोने निरोपावर निरोप धाडले, "ये गं, इथे मी मरतोय." आणि ही वेडी, डोंगरातल्या गावी म्हाताऱ्या आईला एकटं टाकून, गाठोडं बांधून बेटावर आली.

आली ती राहिलीच. टाकीचं मचूळ पाणी प्यायली. मिठागरात चिरलेल्या त्याच्या पायांना रोज चरबी चोळली. दर गुरुवारची शिध्याची बोट वादळाने आली नाही की घेवडा मोजून शिजवला. अंगणात पपई लावली, कोंबडा पाळला. शेजारच्या बराकीतल्या निसेफोरोला बायको नव्हती, तर त्याचंही जेवण तिच्याच चुलीवर. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजायचा नि कैदी चौकात हजेरीला पळायचे. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, दारातून बघायचं. क्रिसोफोरो सगळ्यांच्या पुढे पळायचा.

एका उन्हाळ्यात बोटीवरून सांगावा आला, आई शेवटच्या घटका मोजतेय. ओब्दूलियाने गाठोडं काढलं, तर नवऱ्याने पायच धरले.

"तू गेलीस की मी बराकीत! थोडीच राहिलीय शिक्षा. सुटलो की दोघं मिळून जाऊ, आईच्या पाया पडू."

तिने गाठोडं पुन्हा खाटेखाली सारलं. पुढच्या बोटीने कळलं, आई गेली. चुलीपुढे बसून ती रडली, आणि रडतारडता त्याच्यासाठी भाकऱ्याही थापल्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात क्रिसोफोरो तापाने फणफणला. भोंगा झाला तरी उठवेना. तिथली रीत अशी की आजाऱ्याची बायको तेवढी चौकात जाऊन सांगणार, नाहीतर माणूस कोठडीत. ती निघाली तसा तो खाटेवरून पुटपुटला, "जाऊ नकोस." तिला वाटलं, बरळतोय. पिठाच्या हातांनीच ती धावली.

"साहेब, क्रिसोफोरो तापाने निपचित पडलाय. गैरहजेरी लावू नका!"

हजेरी घेणाऱ्या सार्जंटने मान वर केली. "त्याचं नाव कुठंय, वहिनी? तो दोन पावसाळ्यांमागेच सुटला. मिठागरात पगारी माणूस आहे तो आता."

"मग रोज इथे उभा कशाला राहतो?"

रांगेत मागून एकजण फिस्सकन हसला, "तुम्हाला दाखवायला!"

सगळ्यांना ठाऊक होतं. तिने निसेफोरोकडे पाहिलं. रोज तिच्या हातचं खाणारा तो मेला स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत उभा होता.

ती घरी आली. तो उठून बसला होता.

"उतरला का ताप?" ती म्हणाली.

"ऐक तर. तिकडे गावाकडे त्या मेलेल्याचे भाऊ माझ्यासाठी सुरे परजून बसलेत. इथे कोण मारतंय मला? आणि पगारी झालो तरी एकट्याला बराकच. तुला सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नसते राहिले."

"बघ! मग काय चुकलं माझं?"

"काय चुकलं?" ती ओरडली. "अरे मेल्या, माझ्या आईचे डोळे परक्यांनी मिटले! तू मोकळा होतास आणि मला इथे कोंडून ठेवलंस. माझ्यावर कुठला खटला चालला होता रे?"

पुढच्याच गुरुवारी ती निघाली. कोंबडा सोडून दिला, चूल पाणी ओतून विझवली. तो तिचं गाठोडं छातीशी धरून धक्क्यापर्यंत मागेमागे आला, रडत, नाक पुसत. "नको गं जाऊ. मी आईच्या नावाने क्रूस उभारतो, तू म्हणशील ते—"

भोंगा वाजला.

वाक्य तोंडातच राहिलं. त्याने गाठोडं खाली टाकलं आणि चौकाकडे पळत सुटला. आता फसवायला कुणी उरलं नव्हतं. तरी, धक्क्यावरून तिला दिसलं, तो रांगेत जाऊन उभा राहिला, टोपी हातात, मान खाली. सार्जंट नावं घेत होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही, तरी तो वाट बघत उभाच.

ओब्दूलियाने गाठोडं उचललं आणि बोटीत जाऊन बसली. पोटातून दया उसळून आली आणि तिला स्वतःचाच संताप आला. एवढं सगळं लुबाडलंस, आणि जाताना तेवढी दयाही माझ्याकडूनच काढून घेतलीस!