आप्पांची सनई आणि अक्का

अक्कांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्या वरूनच हाक मारायच्या, "तम्माऽ, हाईस काय रं घरात?" त्या हाकेसरशी तळमजल्यावरचा वॉचमनसुद्धा बाहेर येऊन वर बघायचा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अक्कांचं माहेर शिरोळकडचं. पलीकडच्या कानडीतले असे दोन-चार शब्द त्यांच्या बोलण्यात कायमचे वस्तीला आले होते. मी पंचेचाळिशी ओलांडलेला, दिवसभर विम्याचे दावे तपासून डोळे दुखायला लागलेला माणूस. घरी आल्यावर कुणाशी बोलू नये असं वाटायचं. पण त्या हाकेला ओ दिल्याशिवाय मला राहवत नसे.

फुलेवाडीतल्या आमच्या इमारतीत अक्का आणि आप्पा दोघंच राहत. आप्पांची सगळी नोकरी वारणानगरला झाली. निवृत्त झाल्यावर हौसेने इथे फ्लॅट घेतला, आणि घराचा रंग पुरता वाळतोय न वाळतोय तोच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकुलती मुलगी पद्मा नोकरीसाठी बेंगळुरूला. आप्पांना उठवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं अक्कांच्या अंगावर पडलं. मदतीला बाई ठेवून पाहिली, तर आप्पा डाव्या हाताने तिला ढकलून द्यायचे. अक्का दिसायला दणकट. पण अलीकडे जिना चढताना मध्येच थांबून भिंतीला हात लावायच्या. कसं करता हो सगळं, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "आमच्याकडं पूर आला की सामान माळ्यावर टाकायचं आन् गप बसायचं. पाण्यासंगं भांडून कोण जिंकलंय?"

सगळ्यात अवघड होतं ते भरवणं. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. आणि आप्पा दात घट्ट मिटून घेत. त्यावरचा उपाय अक्कांनाच सापडला. आप्पांना पहिल्यापासून सनईचं वेड. नोकरीत असताना त्यांनी हाताने जुळवलेला ॲम्प्लिफायर आणि दोन थोराड स्पीकर खोलीत होतेच. पद्माने त्यांना जोडायला एक लहानसं खोकं पाठवलं. त्याला स्ट्रीमर म्हणतात. घरच्या वाय-फायवरून ते इंटरनेटवरची गाणी ओढून घेतं. संध्याकाळी सनई सुरू झाली की आप्पांचा जबडा हळूहळू सैल पडायचा आणि अक्का चमचा पुढे करायच्या. सूर खाली आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे. माझी बायको सुनीता म्हणायची, "जेवायला बसले वाटतं आप्पा."

मग एकदा इंटरनेटवाले आले, जुना राऊटर काढून नवा बसवून गेले. त्या संध्याकाळी सनई वाजली नाही. मी घरी पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. वरून हाक आली.

"खोकं मुकं झालंय, तम्मा. ह्यांनी आज तोंडच उघडलं न्हाय."

मी ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून वर गेलो. खोक्यावरचा दिवा लुकलुकत होता. बंद केलं, चालू केलं. राऊटर बंद केला, चालू केला. अक्कांच्या मोबाईलवर नेट व्यवस्थित चालत होतं, पण खोक्याचं ॲप एकच म्हणत होतं, 'नेटवर्कशी जोडता आले नाही'. राऊटर पालथा करून त्याच्या पोटावरचा पासवर्ड चष्मा लावून पुन्हा पुन्हा टाकला. खोक्याच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात काडी दाबून धरली की ते जुनं सगळं विसरतं. अक्कांनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. खोकं जुनं विसरलं. नवं मात्र काही शिकेना.

शेवटी, निदान उद्याच्या जेवणाला चालेल का बघावं म्हणून, मी माझ्या मोबाईलवर सनई लावून आप्पांच्या कानाशी धरली. त्या किरट्या आवाजाने त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडावा, तर मोबाईलला वायर खुपसायला जागाच नव्हती. मी वैतागून म्हणालो, "अक्का, हे गेलं. पद्माला नवीन पाठवायला सांगा."

"नवीन यीस्तवर ह्यांनी काय वारा खाऊन ऱ्हायाचं?" अक्का म्हणाल्या. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशीही आप्पांच्या पोटात पाण्यापलीकडे काही गेलं नाही. डॉक्टर येऊन गेले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर नळी घालावी लागेल म्हणाले. सुनीताने ते मला फोनवर सांगितलं. मी साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि उन्हातच घरी आलो. डोकं खरंच दुखत होतं.

खोक्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर बराच वेळ वाट पाहिल्यावर एक मुलगा बोलायला आला. मराठीच होता, पण समोरचं वाचून दाखवल्यासारखा बोलत होता. "सर, कृपया राऊटर बंद करून पुन्हा चालू करा." केलंय म्हटलं, तरी तेच. माझा आवाज चढायला लागला तशी अक्कांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"पावणं, जेवला का?"

मुलगा वाचायचं थांबला. "हो... जेवलो, आजी."

"बरं केलासा. आमच्या मालकांनी काल सकाळधरनं घास घेतला न्हाय. सनई वाजल्याबिगर ती तोंड उघडत न्हाईत. बोलाय येत न्हाय त्यास्नी. आता दिवस मावळाय आलाय, पुढं आमचं जेवान बंद. तुमचं ते वाचायचं ऱ्हाऊ द्या बाजूला. तुमच्या आजीच्या घरात असं झालं असतं तर काय केलं असतासा, तेवढं सांगा की."

मुलगा म्हणाला, "आजी, फोन ठेवू नका. मी आमच्या सरांना विचारून येतो." तो परत आला तेव्हा त्याचा सूर बदललेला होता. नवा राऊटर एकाच नावाने दोन लहरी सोडतो आणि हे खोकं जुनं असल्यामुळे त्याला त्यातली एकच कळते, दुसरीला धडका मारत बसतं, असं त्याने समजावलं. दोन्हींना वेगळी नावं दिली की झालं. राऊटरच्या सेटिंगमध्ये कुठे जायचं, काय दाबायचं, ते तो सांगत गेला, मी करत गेलो. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. आधी स्पीकरमधून खरखर आली, आणि मग सनई.

आप्पा लगेच काही वळले नाहीत. अक्का दूधभाताची वाटी घेऊन खाटेशेजारी फरशीवर बसल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. बऱ्याच वेळाने आप्पांनी मान फिरवली आणि ओठ उघडले.

वाटी रिकामी झाली. आप्पांचं तोंड पदराने पुसत अक्का म्हणाल्या, "सगळी म्हणत्यात, पद्मानं खोकं बापासाठनं धाडलंय. खरं सांगू, तम्मा? सनई चालू असली की ह्ये खाट बडवत न्हाईत. तेवढ्यात माझं डोळं मिटत्यात. न्हायतर रात न्हाय, दिस न्हाय." असं म्हणता म्हणताच त्यांची मान खाटेच्या कडेला टेकली. वाटी हातातच होती. मी ती काढून घेतली तरी त्यांना कळलं नाही. आप्पा छताकडे बघत ऐकत होते. मी दार ओढून घेतलं.

त्यानंतर खोकं अधूनमधून रुसायचं, पण आता मला त्याची खोड माहीत होती. आप्पा थंडीपर्यंत होते. एका सकाळी चहाच्या वेळेला ते गेले.

घर नातेवाइकांनी भरलं. पद्मा आली, शिरोळहून भाऊ-भावजया आल्या. अग्नी देऊन माणसं परत आली तेव्हा अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही झोपल्याच. भेटायला येणारी माणसं ताटकळायची. आप्पांची एक चुलतबहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा जाऊन एक दिस झाला न्हाय, आन् घोरतीया बाई. डोळ्याला टिपूस न्हाय." सुनीता उठली. तिने खोलीचं दार लावलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसली. कुणालाही आत जाऊ दिलं नाही.

पद्मा त्यांना बेंगळुरूला घेऊन निघाली, त्या सकाळी अक्का जिना उतरून आमच्या घरात आल्या. खुर्चीवर बसल्या.

"तम्मा, मला भूक लागतीया रं," त्या म्हणाल्या. "झोप लागतीया, भूक लागतीया. माणूस गेलं माझं, आन् मला भूक लागतीया. लाज वाटतीया बघ."

सुनीताने तव्यावरची भाकरी ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ताट त्यांच्यासमोर सरकवलं. "खावा अक्का," ती म्हणाली, "गाडी थांबंल."

अक्का जेवल्या. घाई न करता, एकेक घास नीट चावून. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी वर बघितलं, आणि सुनीताकडे ताट पुढे करून म्हणाल्या, "अर्धी आणिक वाढ गं."