घरातलं वजन

शिवणकाकूंच्या यजमानांना सगळी गल्ली ‘युक्तीकाका’ म्हणायची. बरणीचं झाकण हटून बसलं तर त्याला रबर गुंडाळायचं, जड पिशवी अंगालगत धरायची, अडकणाऱ्या खिडकीच्या खाचेत मेणबत्ती घासायची. अशा शंभर युक्त्या त्यांना तोंडपाठ होत्या. त्यातली एकही त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली कुणी पाहिली नव्हती. युक्ती त्यांची, हात काकूंचे. “जोर लावू नकोस, डोकं लाव,” एवढं बोलले की दमायचे बिचारे.

हा सगळा उपदेश चालायचा खिडकीतल्या भल्यामोठ्या लाकडी खुर्चीवरून. घरात खिडकी एकच. काकूंचं शिलाई मशीन मात्र बाथरूमसमोरच्या बोळात, पिवळ्या दिव्याखाली. हल्ली काळ्या कापडावरचा काळा टाका त्यांना दिसेनासा झाला होता. एका गिऱ्हाइकानं तर तिरकी शिवण तोंडावर दाखवली. शिवणकाम सुटलं तर हातात उरणार काय? “खुर्ची तेवढी हलवू या का?” असं त्या दोन वर्षं विचारत होत्या. “फार जड आहे ती. युक्ती काढतो,” असं ते दोन वर्षं सांगत होते. खिडकीतला वारा कुणाला सोडवतो!

एके दिवशी शेजारीण विचारायला आली, कपाट कसं सरकवू? काका खुलले.

“पायांखाली जाड चादर घाल आणि ओढ. गुळगुळीत फरशीवर काहीही सरकतं.”

“माणूस बसलेली खुर्चीसुद्धा?” काकूंनी भाबडा चेहरा करून विचारलं.

“माणसासकट! बघ करून!”

काकूंनी चादर आणली. “जरा मागे रेला.” पुढचे पाय उचलले, चादर आत गेली. “आता पुढे वाका.” मागचंही काम झालं. मग त्यांनी शेजारणीला डोळ्यांनी खुणावलं. तिनं मशीन बोळातून बाहेर ओढलं आणि काकूंनी खुर्ची काकांसकट आत नेली. “कमरेतून नको, गुडघ्यातून वाक!” काका वाटभर सूचना देत होते. आपण कुठे चाललोय, हे त्यांना बाथरूमचं दार समोर आल्यावर कळलं.

तरी ऐट जाईना. “बघितलंस? लागला का जोर?” त्यांनी बोळातून ओरडून विचारलं.

“छे हो,” खिडकीशी पहिल्याच फटक्यात सुई ओवत काकू म्हणाल्या. “तुमचं घरात वजन एवढंच आहे हे आधी कळलं असतं, तर दोन वर्षं डोळे फोडून घेतले नसते.”