कॉलरचं वरचं बटण

गाव ज्याला 'कडक' म्हणायचं, त्या इस्त्रीवाल्याला आज दम निघत नव्हता. डायलिसिसच्या खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि शेजारच्या पेशंटपुढे डावा हात नाचवला. "हात लावून बघा! आत मोटर चालू आहे मोटर!"

खरंच गुरगुरत होतं. ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडली होती, तो फिस्टुला आता तयार झाला होता. आज सुया तिथे बसल्या आणि रक्त नीट चाललं, की तोवर डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी निघणार! येताना त्याने पांढरा शर्ट हँगरसकट आणला होता. गावभर लोकांच्या कॉलरी उभ्या करणाऱ्या या माणसाला नळीमुळे स्वतःचं वरचं बटण लावता येत नव्हतं. हे त्याला फार झोंबायचं.

नळीचा धसका मात्र उशिरा बसला. मागे एकदा हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलेला, वाफेने आणि घामाने मानेवरच्या ड्रेसिंगची कड सुटलेली. दवाखान्यात कोण जाणार? पठ्ठ्याने घरचीच पट्टी कापली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी कडकडीत इस्त्री फिरवली आणि आरशात बघून चिकटवली. वर बायकोला ऐट, "जंतूचा बाप वाचणार नाही!"

पुढच्या डायलिसिसला मशीन सुरू होतंय न होतंय, तोच अशी हुडहुडी भरली की खुर्ची खडखडायला लागली.

"पट्टीला इस्त्री केलीत काका, बोटांना केली होती का?" सिस्टर कडाडली. "ही नळी पार हृदयाच्या दारापर्यंत जाते. बाहेरची घाण सरळ रक्तात!"

कुणाचं ऐकून न घेणाऱ्या कडकला उलट बोलायचं होतं, पण दातावर दात आपटत होते. अॅडमिट झाला, नळी बदलली, जिवावरचं निभावलं. तेव्हापासून वॉर्डात त्याचीच दहशत. नळीचं झाकण उघडायची वेळ आली की हा गरजायचा, "मास्क वर घ्या! नाक काय शोभेला आहे?" एकदा मोठ्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. बरोबरच केलं!

आज सुया बसल्या. लालभडक रक्त नळ्यांतून धावलं. तेवढ्यात मशीन ठणाणा करायला लागलं. 

"अहो, हात खाली!" काचेबाहेरून बायको ओरडली. "मिरवणूक नंतर काढा!"

बायकोला दाखवायला त्याने सुया टोचलेला हातच उचलला होता. सिस्टरने हात सरळ केला, सुया तपासल्या. मशीन शांत झालं आणि शेवटपर्यंत कुरकुरलं नाही.

मग डॉक्टर आले. त्यांनी मास्क स्वतःहून नाकावर ओढला, नळी काढली आणि जागा बराच वेळ दाबून धरली. मान मोकळी! कडकने लगेच शर्टाकडे हात नेला.

"बटण परवा," सिस्टर म्हणाली. "जखम मिटू दे. आणि पट्टी सुटली तर?"

"तुमच्याकडे येतो."

"इस्त्री?"

"फक्त शर्टाला, बाई!"

वरच्या बटणाशिवाय शर्ट त्याने घातलाच नाही. हँगर उंच धरून भर रस्त्यातून निघाला. बायको मागून म्हणत होती, "अहो, हळू चला!" पण कडकचे पाय आज ऐकत नव्हते.