फौजदाराची सोय

कोर्टासमोर बसून चाळीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं टाइप केलेला माणूस स्वतःच्याच मृत्युपत्रात घोटाळा करील, हे कोणाला पटलं असतं? पण टायपिस्टअण्णांनी केला! बोटांना सवयच तशी. ‘घर, भांडीकुंडी, फर्निचर व इतर सर्व चीजवस्तू माझ्या पुतण्यास’ हे नेहमीचं वाक्य त्यांनी खटाखट ठोकलं आणि कागद वकीलबाईंपुढे सरकवला.

“अण्णा, कुत्र्याचं काय?” बाईंनी विचारलं.

“त्याचं काय म्हणजे?”

“कायद्याला तोही चीजवस्तूच. गेला की पुतण्याकडे!”

पुतण्या सज्जन, नाही कोण म्हणतो? पण कुत्रं दिसलं की हा बाबा खुर्चीवर चढणार. आणि फौजदार म्हणजे काय साधं कुत्रं? बायको गेल्यावर अण्णा अंथरूण सोडत नव्हते, तेव्हा रोज सकाळी पांघरूण ओढून त्यांना उठवणारा तोच. एका कानाने बहिरा, महाहट्टी, आणि अण्णांचा जीव की प्राण.

अण्णांनी कागद टराटरा फाडला आणि शेजारच्या नर्सबाईंकडे जाऊन चाचरत विषय काढला.

“सांभाळीन की,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही गेल्यावर एकदम आणून टाकलं, तर अन्नपाणी सोडेल तो. आतापासून रोज दुपारी माझ्याकडे सोडा. आणि तुम्ही इथे थांबायचं नाही, सांगून ठेवते.”

बाई फटकळ खऱ्या, पण बोलल्या ते शंभर टक्के खरं.

पहिले आठ दिवस फौजदाराने दार ओरबाडून घर डोक्यावर घेतलं. भिंतीपलीकडे अण्णा दहादा चपला घालायचे, दहादा काढायचे. गेले मात्र एकदाही नाहीत.

महिन्याभराने एका संध्याकाळी ते त्याला न्यायला गेले, तर स्वारी बाईंच्या पायाशी ऐसपैस पसरलेली. अण्णांना बघून शेपटी हलवली, पण उठला काही नाही.

“उठवू का?” बाईंनी हळूच विचारलं.

“नको, नको. राहू दे आज इथेच.”

घरी येऊन अण्णांनी मशीनवर कोरा कागद चढवला. ‘माझा कुत्रा फौजदार’ एवढं टाइप झालं आणि त्यांना रडू कोसळलं, अगदी हमसून हमसून. मग डोळे पुसले आणि ‘खाण्याऔषधाच्या पैशांसकट नर्सबाईंना’ हे एका दमात लिहून टाकलं.