कॅसेटची सुरुवात

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या कॅरमरूममध्ये रेडिओचं संग्रहालय आहे. तेवीस जुने रेडिओ, दोन मायक्रोफोन, एक कॅसेट-रेकॉर्डर आणि दर रविवारी मी. मी गाइड. पगार नाही, पण प्रेक्षक मिळतात, आणि प्रेक्षकांसाठी मी काय वाट्टेल ते करतो.

हे सगळं जमवलं तळमजल्यावरच्या काकांनी. ते रेडिओ केंद्रावर तंत्रज्ञ होते, काकू निवेदिका. काकू आता नाहीत. केंद्रावर टेप जपायची पद्धत नव्हती. कार्यक्रम झाला की पुसायची, पुन्हा वापरायची. काकूंच्या एकाच सकाळचं प्रसारण काकांनी कॅसेटवर उतरवून घरी आणलं होतं. सुरुवातीलाच काकू स्वतःचं नाव सांगायच्या. रविवारी संग्रहालय बंद करताना काका ते ऐकायचे.

त्या रविवारी खारघरचं महिला मंडळ आलं होतं. मी भलताच रंगात.

"नुसते हातवारे काय करताय?" एक बाई म्हणाल्या. "बोलून दाखवा की!"

आता मशीनमध्ये कॅसेट कोणती आहे, हे बघायला थांबेल तो नट कसला? रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली आणि छाती भरून गर्जलो, "सावधान! खाडीला उधाण आहे. मच्छीमार बांधवांनी घरीच बसावं आणि बायकोचं ऐकावं!"

काय टाळ्या पडल्या!

संध्याकाळी काकांनी कॅसेट लावली. खाडीला उधाण आलं. बायका हसल्या. मग खट्ट आवाज, आणि काकू, वाक्याच्या मधूनच: "...शेतकरी बंधूंसाठी आजचे बाजारभाव."

नाव गेलं होतं.

"काका, मला खरंच..."

"लेव्हल जास्त ठेवलीत," ते म्हणाले. "आवाज फाटलाय तुमचा."

"शिव्या द्या हो, पण असं नका बोलू."

"केंद्रावर मी स्वतः पुसल्यात. तिच्यासुद्धा."

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॅसेटच्या मागचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडला. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. "हे आधीच करायला हवं होतं," एवढंच म्हणाले. काकूंच्या उरलेल्या आवाजाबरोबर माझा विनोदही कायमचा पक्का झाला.

काका अजून दर रविवारी ऐकतात. पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, माझं तेवढं पुढे ढकला ना.

"ढकललं की टेप ताणते," ते म्हणाले.

बायका हसायला लागल्या की मी बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहतो.